नववी-दहावीला माध्यम साक्षरता: आठ तासिकांत नेमके काय शिकवावे?

खडूफळा

नववी-दहावीसाठी माध्यम आणि माहिती साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम बसवायचा आहे. आठ तासिका, प्रत्येकी ४० मिनिटे, वर्गात ३६ मुले. संगणक कक्ष फक्त दोन तासिकांना, तोही दोघांत एक संगणक. बाकी सहा तासिका एक प्रोजेक्टर आणि छापील कागद यांवर भागवायच्या आहेत.

कच्चा आराखडा: (१) बातमी, मत, जाहिरात यांतला फरक (२) चुकीची माहिती आणि मुद्दाम पेरलेली माहिती: व्याख्या व प्रकार (३) संकेतस्थळ पारखण्याची २० मुद्द्यांची यादी (४) त्या यादीचा सराव (५) खोटी छायाचित्रे (६) एआयने बनवलेली चित्रे ओळखण्याच्या खुणा (७) विकिपीडिया का वापरू नये (८) चाचणी, २० बहुपर्यायी प्रश्न.

काय काढावे, काय घालावे? संगणकाविना सराव कसा घ्यावा? स्पष्ट बोललात तरी चालेल.

दुसरी_टॅब

स्पष्टच बोलायचे तर तिसरी आणि चौथी तासिका काढून टाका. दुसरी दहा मिनिटांत उरका. हेतू असलेले खोटे, हेतू नसलेले खोटे आणि दुखवायला बाहेर काढलेले खरे, असे तीन प्रकार एका ओळीत सांगून होतात. व्याख्या पाठ करून कोणाचे फॉरवर्ड थांबत नाहीत.

यादीचा दोष मुळातला आहे. अशा याद्यांपैकी सर्वाधिक वापरली गेलेली यादी २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात तयार झाली. त्यात ताजेपणा, समर्पकता, लेखकाचा अधिकार, अचूकता, हेतू असे मुद्दे होते. ऐकायला छान. पण मूल ही यादी घेऊन बसते ते त्याच पानासमोर, आणि उत्तरेही त्याच पानावर शोधते. तारीख आहे? आहे. 'आमच्याविषयी' आहे? आहे. शुद्धलेखन बरे? बरे. पत्त्याच्या शेवटी 'ऑर्ग' आहे? आहे, म्हणजे संस्था प्रामाणिक. 'ऑर्ग' पत्ता कोणालाही विकत घेता येतो आणि कुलपाचे चिन्ह फक्त जोडणी सुरक्षित आहे एवढेच सांगते. ज्याला फसवायचे आहे तो या वीसही चौकटींत टिकमार्क मिळतील असे पान एका दुपारी उभे करतो. म्हणजे आरोपीलाच साक्षीला बोलावल्यासारखे झाले.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये ४५ जणांना पडद्यासमोर बसवून पाहिले: १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस, २५ पदवीचे विद्यार्थी. एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटनांची पाने होती. एक १९३० पासूनची, साठ हजारांवर सदस्यांची. दुसरी २००२ मध्ये फुटून निघालेला छोटा गट, पण पान तितकेच रुबाबदार. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरून खाली वाचत बसले आणि त्यांतले बरेच चकले. तपासनीस काही सेकंदांत पान सोडून गेले, शेजारी टॅब उघडून 'हे लोक कोण' हे बाहेरच्यांकडून समजून घेतले, मग परत आले. याला आडवे वाचन म्हणू, त्याच पानावर वरून खाली वाचत बसण्याला उभे. तुमच्या आठ तासिकांचा कणा हाच असावा.

मुलांना तीनच प्रश्न द्या: सांगतेय कोण? पुरावा काय? इतर काय म्हणतात? याच क्रमाने. पहिल्याचे उत्तर मिळाले की अनेकदा दुसऱ्यापर्यंत जायची गरजच उरत नाही.

सराव असा. दोघांची जोडी, ९० सेकंदांचा टायमर. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल. पहिली ३० सेकंद शोध-निकालांच्या पानावर क्लिक करायचे नाही. प्रत्येक निकालाखालच्या दोन ओळी वाचून कोणता निकाल उघडायचा आणि का, ते पेन्सिलवाल्याने एका ओळीत लिहायचे. नंतर जास्तीत जास्त दोन पाने उघडायची. मुले पहिल्या निकालावर झडप घालतात, आणि पहिला निकाल बऱ्याचदा जाहिरात किंवा त्याच संस्थेचे पान असतो.

इथे हमखास होणारी चूक: संस्थेचे नाव टाकून शोधले की तिचीच दहा पाने समोर येतात. नावानंतर एक मोकळी जागा सोडून वजाचिन्ह, त्याला चिकटून 'साइट' हा इंग्रजी शब्द, अपूर्णविरामाची दोन टिंबे आणि त्या संस्थेचा पत्ता लिहायचा. वजाचिन्हापासून पुढे मध्ये कुठेही मोकळी जागा नको. मग तिची स्वतःची पाने गळतात आणि बाहेरचे लोक काय म्हणतात तेवढे उरते. ही एक युक्ती हातात बसली तरी अर्धी तासिका वसूल.

आठ तासिका पुरतील का, तर पुरतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारावीच्या ४९९ मुलांपैकी ज्यांना ५० मिनिटांचे सहाच पाठ मिळाले त्यांच्यात, न मिळालेल्यांच्या तुलनेत, ठळक सुधारणा दिसली.

तिरकस

वरच्या बहुतेक गोष्टींशी सहमत. पण एक भोक राहिले आहे आणि ते मोठे आहे.

आराखड्यात 'खोटी छायाचित्रे', 'एआय चित्रे', 'पेरलेली माहिती'. आठ तासिका मुलांसमोर फक्त खोटे येणार. सराव-संचातले सगळे नमुने खोटे असतील तर 'खोटे आहे' म्हणणाऱ्या पोराला पैकीच्या पैकी. तपासण्याचे कष्ट कशाला घेईल? तो बाहेर पडतो तो 'सगळेच खोटे असते हो' हे घोकत. असा मुलगा भाबड्या मुलाइतकाच बिनकामाचा, आणि त्याला समजावणे जास्त अवघड. अमेरिकी संशोधक डॅना बॉयड यांनी २०१८ मध्ये याच धोक्यावर बोट ठेवले होते: 'प्रश्न विचारा, संशय घ्या' एवढेच शिकवले तर तेच हत्यार प्रत्येक खऱ्या संस्थेवरही चालते, आणि पेरणाऱ्यांना तेच हवे असते.

आकडे घालून पाहा. १२ नमुने, ६ खरे, ६ खोटे.
आधी: खोट्यांपैकी ४ ओळखले, खऱ्यांपैकी ५. एकूण ९.
नंतर: खोट्यांपैकी ६ ओळखले, खऱ्यांपैकी ३. एकूण ९.
'खोटी बातमी ओळखण्यात ४ वरून ६ वर झेप!' असा अहवाल खुशाल लिहिता येतो. प्रत्यक्षात मुलाची पारख तसूभरही वाढली नाही, फक्त संशय वाढला. खोट्या बातम्यांवरच्या ऑनलाइन खेळांच्या प्रयोगांचे २०२३ मध्ये फेरविश्लेषण झाले, त्यात बऱ्याच अंशी हेच निघाले: लोक 'खोटे' हे उत्तर जास्त सढळपणे देऊ लागले होते.

म्हणून प्रत्येक संचात निम्मे खरे, आणि खऱ्यांतले किमान दोन ऐकताक्षणी खोटे वाटतील असे. गुण दोन रकान्यांत वेगळे लिहायचे, बेरीज करायची नाही.

मूळप्रत

तिरकस यांच्या मुद्द्याला चित्रांच्या तासिकेत तयार जोडी मिळते, तीच सांगतो.

खोटे: पुराच्या पाण्यात बुडालेला रस्ता, गाडीच्या काचेतून टिपलेला, शेजारून पोहणारा शार्क. हे चित्र २०११ मध्ये आयरीन वादळाच्या वेळी प्वेर्तो रिकोचे म्हणून फिरले, २०१७ मध्ये हार्वी वादळात ह्यूस्टनचे म्हणून पुन्हा उगवले. मधल्या आणि नंतरच्या पुरांतही त्याचे अवतार येत राहिले. त्यातला शार्क उचललाय छायाचित्रकार थॉमस पेशाक यांच्या खऱ्या फोटोतून. समुद्रात छोट्या होडीतला माणूस आणि मागे शार्क असा तो फोटो २००५ मध्ये एका नियतकालिकात आला होता.

खरे: सप्टेंबर २०२२, इयन वादळ, फ्लोरिडातले फोर्ट मायर्स. घरामागच्या साचलेल्या पाण्यात पाठीवरचा पर दाखवत उसळणारा मोठा मासा, मोबाइलवर टिपलेला. आधीच्या खोट्या शार्कमुळे लोकांनी लगेच 'पुन्हा तेच' म्हणून टर उडवली. पण असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने चित्रीकरण करणाऱ्यापर्यंत जाऊन मूळ फाइलची वेळ तपासली. व्हिडिओ त्याच दिवसाचा, त्याच ठिकाणचा निघाला. मासा शार्कच का, यावर तज्ज्ञ शंभर टक्के एकमुखी नव्हते. हेही मुलांना सांगा. 'व्हिडिओ खरा आहे' आणि 'त्याखाली लिहिलेले सगळे खरे आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

उलट चित्रशोधाच्या (चित्र टाकून ते आधी कुठे आले होते ते शोधण्याच्या) पायऱ्या, संगणक कक्षात:
१. चित्र जसेच्या तसे टाकू नका. भोवतालची चौकट, वर चिकटवलेला मजकूर, वाहिनीचा पट्टा कापा. न कापल्यास शोधयंत्र मजकुरालाच पकडते आणि त्याच अफवेच्या शंभर प्रती समोर मांडते.
२. गूगल लेन्सवर एकदा, टिनआयवर एकदा. पहिले 'असेच दिसणारे' शोधण्यात चांगले, दुसरे 'हेच चित्र' शोधण्यात.
३. टिनआयवर 'सर्वात जुने' या क्रमाने लावा. पण ती तारीख त्या यंत्राला चित्र पहिल्यांदा दिसल्याची असते, चित्र काढल्याची नाही. मुले ही गफलत दरवेळी करतात.
४. काहीच सापडले नाही तर आरशासारखे उलटवून पुन्हा. पकडले जाऊ नये म्हणून डावे-उजवे बदलणे ही जुनी खोड आहे.
५. चित्रातली एकच वस्तू कापून शोधा: पाटी, पूल, गणवेश.

व्हिडिओ असेल तर पहिले दृश्य टाळून तीन-चार ठिकाणी थांबवा, त्या स्थिरचित्रांवर वरच्याच पायऱ्या. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेल्या फोटोची आतली माहिती, म्हणजे वेळ, जागा, कॅमेरा, बहुधा पुसली गेलेली असते, त्यामुळे ती दिसली नाही यावरून कसलाच निष्कर्ष काढू नये.

हे शिकवल्याशिवाय आपोआप येते असे समजू नका. स्टॅनफर्डच्याच गटाने अमेरिकेतल्या ३,४४६ शाळकरी मुलांना मतपेट्यांत मते कोंबतानाचा एक धूसर व्हिडिओ दाखवला होता, अमेरिकेतल्या निवडणुकीचा म्हणून. इंटरनेट समोर होते, वापरायची मुभा होती. निम्म्याहून अधिक मुलांना तो भक्कम पुरावा वाटला. चित्रीकरण रशियातले आहे हे मूळ स्रोतापर्यंत जाऊन किती जणांनी शोधले? तिघांनी. तीन टक्के नाही, तीन मुलांनी.

चौकस

सहाव्या तासिकेबद्दल. 'बोटे मोजा, कानातले डूल जुळतात का पाहा, मागची अक्षरे वाचा' या खुणा शिकवू नका. चित्र बनवणारी यंत्रे दर काही महिन्यांनी सुधारतात, खुणा शिळ्या होतात, आणि 'सहा बोटे नाहीत म्हणजे खरे' हा उलटा निष्कर्ष मुलांच्या डोक्यात मागे राहतो. चित्राकडे टक लावून पाहणे म्हणजे पुन्हा तेच उभे वाचन झाले. चित्र पहिल्यांदा कोणी टाकले, आणखी कोणत्या कॅमेऱ्यातून तो प्रसंग दिसतो, विश्वासाच्या वार्ताहराने नोंदवला आहे का, हे प्रश्न यंत्र कितीही सुधारले तरी टिकतात.

'एआयने लिहिलेले ओळखणारी' साधनेही वर्गात आणू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचेच असे साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतले. ते यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच बरोबर पकडत होते आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के मजकूर यंत्राचा ठरवत होते. तुमच्या ३६ प्रामाणिक निबंधांवर हे चालवले तर सरासरी तीन निरपराध मुले चोर ठरतात.

त्याऐवजी ही तासिका चॅटबॉटच्या संदर्भांवर घ्या. बहुतेक सेवांना वयाची अट असते, म्हणून खाते मुलांचे नको. शिक्षकांनीच प्रोजेक्टरवर चालवावे. एखाद्या बारीक विषयावर पाच संदर्भ मागा: लेखक, वर्ष, नियतकालिक, पान. प्रत्येकाला तीन प्रश्न: हा लेख अस्तित्वात आहे का? याच लेखकाचा आहे का? जे म्हटलेय ते त्यात आहे का? पहिल्या प्रश्नावर पडणारे आता कमी होत चाललेत, खरी मजा तिसऱ्यावर. लेख खरा, लेखक खरा, आणि आत म्हटलेय काही वेगळेच. प्रौढही इथे फसतात: जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने वकिलांना ५,००० डॉलर दंड केला, कारण अर्जात दिलेले निवाडे चॅटबॉटने रचलेले होते.

पूर्वतयारी महत्त्वाची: आदल्या दिवशी हेच पाच संदर्भ मागून स्क्रीनशॉट ठेवा. यंत्र दुसऱ्या दिवशी वेगळे उत्तर देते. कधी पाचही बरोबर देते आणि तासिका फुसकी ठरते. तसे झाले तर 'आज पाचही बरोबर निघाले' हेही मुलांनी नोंदवावे.

ग्रंथपाल_नसलेला

सातव्या तासिकेचे शीर्षक बदला हो. 'विकिपीडिया का वापरू नये' असे सांगायचे आणि मग तपासनीस सगळ्यात आधी तिथेच जातात हे दाखवायचे, हे जमायचे नाही. 'विकिपीडिया कसा वापरावा' असे करा. एखादी संस्था कोण, कोणाच्या पैशावर चालते, हे कळायला तो सहसा सर्वात जलद रस्ता आहे.

वर्गात: लेखातले एक वाक्य निवडा, त्याच्या तळटीपेवर जा, मूळ स्रोत वाचा. चार निकाल शक्य असतात. स्रोत तेच म्हणतो, स्रोत थोडे वेगळे म्हणतो, दुवा मेलेला आहे, तळटीपच नाही. प्रत्येक जोडीला तीन वाक्ये द्या, फळ्यावर चार रकाने काढून काड्या मारा. मेलेला दुवा वेबॅक मशीनवर (जुनी पाने साठवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) टाकला की बहुतेकदा जिवंत होतो. मुलांना हे जादूसारखे वाटते. लेखाचा 'इतिहास' आणि 'चर्चा' हे टॅब उघडून दाखवा: कोणत्या वाक्यावर किती वाद झाले ते तिथे उघड्यावर असते. छापील पुस्तकात तो वाद दिसत नाही.

वेळ उरला तर मागे घेतलेला शोधनिबंध. लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध सुचवणारा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला १९९८ चा निबंध १२ मुलांवर बेतलेला होता आणि २०१० मध्ये मागे घेतला गेला. नियतकालिकाच्या पानावर तसा ठळक शिक्का आहे, पण स्क्रीनशॉटमध्ये तो कापता येतो. 'नियतकालिकात छापून आलेय' हे वाक्य तेवढ्यावर संपत नाही, एवढे कळले तरी पुरे.

अंशछेद

इतकी चर्चा झाली आणि आकड्यांना एकही तासिका नाही? खोट्या आकड्यांपेक्षा खरे आकडे वाकडे मांडून जास्त फसवणूक होते, आणि तिथे आडवे वाचन अपुरे पडते, कारण स्रोत चांगला असतो, आकडाही खरा असतो.

दोन गोष्टी पुरेत.

एक, 'दुप्पट'. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा निघाला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गाठ होण्याचा धोका दुप्पट होतो. खरेच होते. पण कशाच्या दुप्पट? ७,००० स्त्रियांमागे १ ऐवजी २. असंख्य स्त्रियांनी घाबरून गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात अंदाजे १३,००० नी वाढले. गर्भारपणात गाठीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, हा त्यातला दैवदुर्विलास. मुलांना फळ्यावर दोन ओळी लिहायला लावा: 'वाढ: १०० टक्के' आणि 'वाढ: ७,००० मध्ये १'. मग विचारा, मथळा कोणत्या ओळीचा होईल? यानंतर 'टक्के वाढले' दिसले की 'किती वरून किती?' हा प्रश्न तोंडात बसेपर्यंत पाच मथळे घ्या.

दोन, कापलेला अक्ष. आलेखाच्या कागदावर ५० आणि ५२ चे दोन स्तंभ. आधी शून्यापासून काढा: जवळजवळ सारखे. मग अक्ष ४९ पासून सुरू करा: एक स्तंभ १ घर उंच, दुसरा ३ घरे. आकडे तेच, चित्रात तिप्पट. हे मुलांनी स्वतः पट्टी-पेन्सिलने काढले पाहिजे, प्रोजेक्टरवर दाखवून उपयोग नाही. मात्र 'कापलेला अक्ष म्हणजे लबाडी' असा नियम करू नका. ताप मोजण्याचा आलेख शून्यापासून काढला तर ताप दिसणारच नाही. स्तंभालेखात कापणे वाईट, रेषालेखात पुष्कळदा आवश्यक.

खडूफळा

यादी आणि तिचा सराव गेला, म्हणजे दोन तासिका मोकळ्या झाल्या. आता मूळ अडचण. संगणक दोनच दिवस, मग आडवे वाचन कागदावर कसे घ्यायचे? आणि उदाहरणे किती तापलेली घ्यावीत? राजकीय टाळली तर सगळे लुटुपुटीचे वाटते.

दुसरी_टॅब

कागदावर होते, आणि एका बाबतीत संगणकापेक्षा चांगले होते.

चौघांचा गट धरला तर ३६ मुलांचे ९ गट. प्रत्येकाला एक पाकीट. आत: तपासायच्या संकेतस्थळाचे छापील पान एक, शोध-निकालांचे छापील पान एक (सहा निकाल, क्रमांक घालून, प्रत्येकाचे शीर्षक, पत्ता, खालच्या दोन ओळी), आणि सहा घड्या घातलेले कागद, वर तेच क्रमांक. घडीच्या आत त्या निकालाचा खरा मजकूर, १०० ते १५० शब्द. सहा निकाल असे निवडा: एक जाहिरात, एक संस्थेचे स्वतःचे पान, एक विश्वकोशातली नोंद, एक बातमी, एक त्याच गोतावळ्यातल्या संस्थेने केलेले कौतुक, एक नामसाधर्म्यामुळे आलेले भलतेच काही. जाहिरात पहिली ठेवा. बातमी चौथ्या-पाचव्या क्रमांकावर.

नियम: दोनच घड्या उघडायच्या, आणि कोणत्या ते उघडण्याआधी लिहायचे. नुसते सांगून मुले ऐकत नाहीत, सहाही उघडून बसतात. म्हणून प्रत्येक घडीला स्टेपलची पिन मारा. तासिका संपल्यावर पाकिटात किती पिना उचकटल्या ते मोजले की कोणत्या गटाने विचार करून निवडले आणि कोणी सपाटा लावला, ते समोर दिसते. संगणकावर हा हिशेब मिळत नाही. एकूण ५४ घड्या, एकदाच करायच्या. दुसऱ्या तुकडीसाठी फक्त पिना नव्या.

तापलेल्या उदाहरणांबद्दल: पहिल्या चार तासिकांत कोमट घ्या. प्राणी, हवामान, आरोग्याच्या भाबड्या टिप्स, अवकाश. कौशल्य हाताला लागण्याआधी राजकीय उदाहरण आणले की वर्ग पद्धत विसरून पक्ष घेतो.

तिरकस

इथे थोडा मतभेद. कोमटच ठेवले तर मुले 'शार्क तपासायचे, बाकीचे नाही' हे शिकतात. आवडत्या बाजूचा दावा तपासताना हात आखडतो, आणि तोच सराव हवा असतो. सहाव्या-सातव्या तासिकेत दोन तापलेले नमुने घ्याच, पण जोडीने: एकाच विषयावरचे दोन दावे, दोन विरुद्ध बाजूंना सुखावणारे, त्यातला एक खरा, एक खोटा. पुढच्या जोडीत बाजू उलटवा. निकाल सांगण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहायचे: 'हे खरे निघाले तर मला बरे वाटेल की वाईट?' हा कागद गोळा करायचा नाही, कोणाला दाखवायचा नाही. गोळा केलात की मुले खोटे लिहितात, आणि घरी वेगळाच निरोप जातो.

दुसरी_टॅब

जोडीने असेल तर मान्य.

मूळप्रत

एक खबरदारी, सगळ्यांनाच लागू. वर्गात वाटलेल्या प्रत्येक खोट्या चित्रावर छापण्याआधीच आडवा 'खोटे' शिक्का हवा, तोही चित्राच्या मधोमध, कोपऱ्यात नको. पण तपासायच्या वेळी शिक्का चालणार नाही, म्हणून दोन प्रती करा: बिनशिक्क्याची प्रोजेक्टरवर, मोजक्या वेळासाठी, शिक्क्याची हातात द्यायला. मुले मोबाइलवर फोटो काढतात, आणि साक्षरतेच्या तासिकेतून निघालेली अफवा परत आवरता येत नाही. फळ्यावर खोटा दावा मथळ्यासारखा मोठ्या अक्षरांत लिहू नका. तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकले की ते खरे वाटू लागते, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आले आहे. आधी खरे काय ते, मग 'असा एक दावा फिरतो', मग पुन्हा खरे.

व्हॉट्सअ‍ॅपवरची बाणांची जोडीही दाखवा. 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' म्हणजे संदेश पाच किंवा अधिक हातांतून आलाय, एवढाच त्याचा अर्थ. खोटा असा नाही, खरा असाही नाही. लिहिणाऱ्याशी तुमची ओळख उरलेली नाही, इतकेच.

गुणपत्रक

चाचणी. बहुपर्यायी प्रश्नांत 'स्रोत तपासावा का? (अ) हो (ब) नाही' याला सगळे 'हो' म्हणतात. करायला लावा.

चार कामे, प्रत्येकी ६ मिनिटे, संगणक कक्षाच्या दुसऱ्या तासिकेत. एका संगणकावर दोघे असतील तर एक करतो तेव्हा दुसरा अंशछेद यांचे आलेख कागदावर सोडवतो. पण मग दोघांची मिळून ४८ मिनिटे होतात आणि तासिका ४० ची. म्हणून संगणकावर दोनच कामे ठेवा, दोन कागदी पाकिटाची.

प्रश्नाचा साचा: 'कोणता स्रोत अधिक विश्वासार्ह? पान सोडून कुठे गेलात, काय शोधलेत, काय मिळाले, तीन वाक्यांत.'
० गुण: उत्तर पानाच्या दिसण्यावर किंवा मजकूर पटण्यावर.
१ गुण: पान सोडले, पण 'गूगलवर चांगले म्हटलेय' इथेच थांबले.
२ गुण: मागे कोण आहे हे नावानिशी, आणि त्याने काय फरक पडतो हे.
निष्कर्ष चुकला पण वाट बरोबर, तरी १ द्या. निष्कर्ष बरोबर पण 'लोगो छान आहे' म्हणून, तर ०. पालक यावर भांडतील, साचा आधीच वाटून ठेवा.

तपासायला १४४ उत्तरे. सरावाने अर्धे मिनिट लागते, म्हणजे सव्वा तास धरा.

प्रगती मोजायची तर आधी-नंतर एकच संच देऊ नका, उत्तरे फिरतात. अ आणि ब असे दोन संच करा. १८ मुलांना आधी अ नंतर ब, उरलेल्या १८ ना उलट. नाहीतर ब संच सोपा असल्यामुळे झालेली वाढ तुम्ही शिकवण्याच्या खात्यात जमा कराल.

खडूफळा

सुधारित आराखडा: (१) बातमी-मत-जाहिरात, आणि 'प्रायोजित' पाटी वाचणे, आधीचा छोटा संच कागदावर (२) आडवे वाचन, प्रोजेक्टरवर प्रात्यक्षिक, तीन प्रश्न (३) पाकिटे (४) संगणक कक्ष: उलट चित्रशोध आणि वजाचिन्हाची युक्ती (५) आकडे (६) विकिपीडिया आणि चॅटबॉटचे संदर्भ, प्रोजेक्टरवर (७) तापलेल्या जोड्या (८) संगणक कक्ष: चाचणी. सगळीकडे निम्मे खरे.

अंशछेद

सहाव्यात दोन विषय कोंबलेत, वेळ पुरणार नाही. चॅटबॉटचे पाचऐवजी दोनच संदर्भ घ्या.

मूळप्रत

चौथ्या तासिकेत क्रम सांभाळा. खोटा शार्क आधी, मुलांनी तो स्वतः पकडू दे. त्याच दमात फोर्ट मायर्सचा व्हिडिओ लावा आणि काही न बोलता हात वर करून मत घ्या, आकडा फळ्यावर लिहा, मगच शोधायला सांगा. उलट क्रमाने दाखवलात तर दुसऱ्याचा काही उपयोग नाही. आणि हा व्हिडिओ शोधताना तथ्य-तपासणीचा लेख पहिल्याच पानावर येतो, तेव्हा दोन मिनिटांहून जास्त देऊ नका.